कापसाची वात आणि आठ हजार फूट

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीच्या काळ्या रानात दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटू लागतात. वेचणी होते, कापूस आदिलाबादच्या मार्केट यार्डात जातो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. त्या रुईचं पुढे काय होतं ते आपण सगळेच जाणतो: सूत, गादी, दवाखान्यातला बोळा, देवापुढची वात. पण दुबईच्या दुकानात काचेआड मांडलेल्या, फळांच्या वासाच्या, बटण दाबताच निळा दिवा लागणाऱ्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, पोटातही कापूसच असतो, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. बाहेरून सगळी इलेक्ट्रॉनिक करामत, आणि मधोमध कापसाची वात.

त्या वातीभोवती किंवा तिच्या पोटात धातूच्या तारेचं बारीकसं वेटोळं असतं. तिला कॉइल म्हणतात. वातीची टोकं टाकीतल्या गोडसर द्रवात बुडालेली असतात. द्रव कापसाच्या तंतूंमधल्या फटींतून आपोआप वर चढतो, त्याला पंप लागत नाही. बटण दाबलं की कॉइल तापते, वातीतला द्रव उडतो, थंड हवेला लागताच त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि धुरासारखा ढग दिसतो. तो धूर नव्हे. काहीही जळलेलं नसतं, म्हणून राख नसते. समईत तेल आहे तोवर वात टिकते आणि तेल संपलं की वातच जळायला लागते, नेमकं तेच इथंही होतं: द्रव आहे तोवर तो उडताना कॉइलची उष्णता घेऊन जातो, द्रव संपला की कापूस करपतो आणि ओढणाऱ्याच्या घशाला तिखट चटका बसतो.

इथं कापसाबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. रानातून आणलेल्या कापसाचा बोळा पाण्यात टाकून पाहा. तो तरंगत राहतो. कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा नैसर्गिक थर असतो, तो पाणी आत शिरू देत नाही. दवाखान्यातला कापूस पाणी पितो, कारण कारखान्यात तो क्षाराच्या द्रावणात उकळून त्याचं मेण काढलेलं असतं. व्हेपमधला कापूस असाच मेण काढलेला असतो. निसर्गाने चढवलेला तो थर काढून टाकला, तेव्हा कुठे ही वात द्रव शोषू लागली.

द्रव म्हणजे मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिलं 188 अंश सेल्सियसला उकळतं, दुसरं 290 ला. त्यात चवीचं रसायन आणि बहुधा निकोटीन, म्हणजे तंबाखूतलं तेच व्यसन लावणारं द्रव्य. अशी वस्तू बनवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टने 1963 मध्ये धूर नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1965 मध्ये ते मिळालंही, पण बाजारात ती चालली नाही. 2003 मध्ये चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधनिर्मात्याने आजच्या ई-सिगारेटची पूर्वज बनवली, आणि या वेळी ती जगभर पसरली. मधल्या चाळीस वर्षांत जगाला लिथियम-आयन बॅटरी मिळाली होती. तिच्याकडे आपण येणारच आहोत, कारण व्हेप विमानात नेण्याचा सगळा प्रश्न तिच्याच भोवती फिरतो.

तामसीपासून प्रवासी विमान गाठायचं तर लांब जावं लागतं. आदिलाबादला जुनी हवाई पट्टी आहे, पण प्रवासी विमान तिथून उडत नाही. मग एक तर नागपूर, नाही तर राष्ट्रीय महामार्ग 44 धरून तीनशे किलोमीटरवरचं हैदराबादचं शमशाबाद. उत्तर तेलंगणातली कितीतरी घरं आखातातल्या मजुरीवर चालतात. निर्मल, जगत्याल, निजामाबाद, आदिलाबाद या पट्ट्यातली माणसं दुबई-शारजाहून येतात-जातात ती बहुतेक याच शमशाबादवरून. तेव्हा एक टाकी भरलेला व्हेप दुबईहून निघाला आहे असं धरू आणि त्याचं काय होतं ते पाहू. कायद्याचा विचार थोडा वेळ बाजूला ठेवू, तो पुढे आडवा येणारच आहे.

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं. बाहेरच्या हवेत माणूस काही क्षणांत बेशुद्ध होईल, म्हणून आत हवा दाबून भरलेली असते. पण जमिनीइतकी नाही. विमानाचं अंग पत्र्याचं किंवा कार्बन तंतूंचं, आतून जितका दाब जास्त तितका त्याच्यावर ताण. म्हणून तडजोड केलेली असते: आतला दाब आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असेल त्याहून कमी होऊ द्यायचा नाही. बोइंग 787 सारख्या नव्या विमानांत तो सहा हजार फुटांएवढा ठेवतात. म्हणजे खिडकीजवळ बसलेला प्रवासी शरीरानं जागचा न हलता महाराष्ट्रातल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच जाऊन बसलेला असतो. कानांना दडे बसतात ते यामुळे, आणि वेफर्सचं पाकीट फुगतं तेही यामुळेच.

आता टाकीकडे पाहा. दुबई समुद्राकाठी आहे, तिथं हवेचा दाब सुमारे 1013 हेक्टोपास्कल. आठ हजार फुटांवर तो 753 च्या आसपास. टाकी अर्धी भरलेली असेल तर उरलेल्या अर्ध्यात दुबईची हवा कोंडलेली असते. बाहेरचा दाब उतरला की ती हवा पसरते, जवळजवळ एक तृतीयांशाने. एक मिलिलिटर हवेला 1.34 मिलिलिटर जागा हवी असते. ती जागा ती द्रवाला ढकलून मिळवते, आणि द्रवाला बाहेर पडायला एकच वाट आहे: कापसाची वात. सात-आठ थेंब वातीतून बाहेर येतात, खिसा चिकट होतो. हैदराबादहून निघालेल्या टाकीत हा प्रकार थोडा सौम्य असतो, कारण शमशाबाद स्वतःच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच आहे. तिथं हवा आधीच थोडी विरळ, त्यामुळे पसरायला वाव कमी, साधारण पाव पट. आणि गंमत अशी की काठोकाठ भरलेली टाकी अर्ध्या भरलेल्या टाकीपेक्षा कमी गळते. गळवणारी असते ती हवा. कमी हवा, कमी गळती. रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात मांडलेला नियम, तो पाठ्यपुस्तकात वाचून विसरलेला असतो आणि इथं खिशात ओला होऊन भेटतो.

ई-लिक्विडच्या, म्हणजे याच द्रवाच्या, बाटल्यांनाही हेच लागू. शिवाय आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात कोणताही द्रव शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाही हा बहुतेक विमानतळांवर असलेला नियम आहे. तो द्रवरूप स्फोटकांच्या भीतीतून आला, व्हेपशी त्याचा संबंध नाही.

पण द्रव गळण्यानं कपडे खराब होतात, विमान नाही. विमानाला धोका त्या बोटाएवढ्या बॅटरीचा.

मोठ्या व्हेपमध्ये बरेचदा 18650 नावाची बॅटरी असते. नाव म्हणजे मापच: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. तिच्यावर 2500 एमएएच आणि 3.7 व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागा: 9.25 वॉट-तास. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो. आता तो कापसाच्या भाषेत मांडू. एवढ्या ऊर्जेत एक क्विंटल कापूस सरळ वर उचलला तर तो सुमारे चौतीस मीटरवर जाईल, दहा मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत. ही ऊर्जा पन्नासएक ग्रॅमच्या नळीत, एखाद्याच्या शर्टाच्या खिशात. वापरून फेकायच्या छोट्या व्हेपमध्ये तिचा पाचवा-सहावा भाग असेल, पण तोही काही कमी नाही.

ही ऊर्जा शांत कशी राहते? बॅटरीच्या आत धन आणि ऋण बाजूंचे थर गुंडाळलेले असतात आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. लिथियमचे आयन त्याच्या छिद्रांतून ये-जा करतात, पण दोन्ही बाजू एकमेकींना शिवत नाहीत. साधारण 130 अंशांच्या आसपास हा पडदा वितळू लागतो. मग दोन्ही बाजू भिडतात, उष्णता वाढते, वाढलेल्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया आणखी वेगाने होतात, त्यातून आणखी उष्णता. कुठल्याही बाहेरच्या मदतीशिवाय ती स्वतःच स्वतःला तापवत सुटते. आतला द्रव ज्वालाग्राही असतो. काही प्रकारच्या बॅटऱ्यांत धन बाजूचं रसायन तापल्यावर ऑक्सिजनसुद्धा सोडतं, म्हणजे आग विझवण्यासाठी बाहेरची हवा तोडली तरी आतून पुरवठा चालूच. 9 ऑक्टोबर 2019 ला ज्या तिघांना या बॅटरीसाठी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांनी, आणि त्यांच्यामागून हजारो अभियंत्यांनी, कित्येक वर्षं या स्वभावाला आवर घालण्यात घालवली. आपले मोबाइल रोज उशाशी शांत राहतात याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

व्हेपला मोबाइलपेक्षा एक दुर्गुण जास्त आहे. त्याचं कामच तापणं आहे. सामानात दाबलं जाऊन बटण चालू राहिलं तर कॉइल कपड्यांच्या घडीत तापत राहते. ऑगस्ट 2014 मध्ये बॉस्टनच्या लोगन विमानतळावर विमानाच्या सामानकक्षात एका बॅगेला अशीच आग लागली, बॅगेत ई-सिगारेट होती. जानेवारी 2015 मध्ये लॉस एंजेलिसला एक बॅग पेटली, पुन्हा ई-सिगारेट. दोन्ही वेळा आग जमिनीवर असतानाच लागली म्हणून निभावलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, जगभरासाठी नियम केला: ई-सिगारेट चेक-इन सामानात नेता येणार नाही, न्यायचीच असेल तर प्रवाशानं आपल्याजवळ, केबिनमध्ये न्यावी.

पहिल्यांदा वाचला तेव्हा हा नियम मला उलटा वाटला. पेट घेऊ शकणारी वस्तू माणसांपासून दूर, खाली सामानात ठेवावी असं कुणालाही वाटेल. आयकाओनं ती माणसांच्या मध्ये आणून ठेवली. यामागचा विचार मला विमानप्रवासातल्या सगळ्या नियमांत सुंदर वाटतो.

खाली सामानकक्षात आग लागली तर तिथं हॅलॉन नावाचा वायू सोडण्याची सोय असते. तो ज्वाळा दाबतो. पण बॅटरीच्या आत जे चाललेलं असतं ते त्याला थांबवता येत नाही, कारण तो थंडावा देत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक संस्थेनं केलेल्या चाचण्यांत असं दिसलं की तापलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीशेजारी केसांच्या स्प्रेसारखा एरोसोलचा डबा असेल तर हॅलॉन काम करायच्या आत तो फुटू शकतो. आणि खाली कुणीच नाही. धूर येतोय हे यंत्र सांगेल, पण कुठल्या बॅगेतून ते कोण सांगणार, आणि तिथं पोहोचणार कोण? 3 सप्टेंबर 2010 ला यूपीएस कंपनीचं एक मालवाहू 747 दुबईहून निघालं. त्यात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. आग लागली, धूर वैमानिकांच्या कक्षात शिरला, त्यांना समोरची यंत्रंही दिसेनाशी झाली. विमान परत वळलं पण अर्ध्या तासाच्या आत दुबईजवळ कोसळलं, दोघेही वैमानिक गेले. एका बॅगेतला व्हेप आणि हजारो बॅटऱ्यांचा माल यांत फार अंतर आहे, पण जिथं हात पोहोचत नाही तिथली आग म्हणजे काय, ते त्या दिवशी जगाला कळलं.

वर केबिनमध्ये मात्र माणसं आहेत. कुणाला तरी वास येतो, कुणाला तरी धूर दिसतो, कुणी तरी ओरडतं. केबिन क्रूला शिकवलेलं असतं: आधी अग्निशामकानं ज्वाळा दाबायच्या, मग पाणी ओतायचं, भरपूर, थांबायचं नाही. पाणी संपलं तर दारू नसलेलं कुठलंही पेय, सरबत, कोला, जे हाताशी येईल ते. बर्फ मात्र टाकायचा नाही, कारण बर्फाचा थर उष्णता आतच कोंडून ठेवतो. पेटलेली वस्तू उचलून पळायचं नाही. एका बॅटरीतली आग शेजारच्या बॅटरीला लागू नये म्हणून सगळं थंड ठेवायचं. लिथियमवर पाणी टाकू नये असं अनेकांना शाळेत शिकवलेलं आठवेल. ते शुद्ध लिथियम धातूबद्दल खरं आहे. लिथियम-आयन बॅटरीत पाणी थंडावा देतं आणि त्या क्षणी थंडावाच हवा असतो.

व्हेप जवळ असणं ठीक, पण तो ओढणं नाही. विमानाच्या शौचालयात धूर ओळखणारं यंत्र असतं. त्यातला एक प्रकाशकिरण हवेत तरंगणाऱ्या कणांवर आदळून विखुरला की गजर होतो. व्हेपचा ढग धूर नसला तरी कण आहेतच, त्यामुळे ‘हा धूर थोडाच आहे’ ही पळवाट यंत्राला चालत नाही. ही यंत्रं आणि त्यामागचे नियम फार किमतीने आले आहेत. 11 जुलै 1973 ला व्हारिग कंपनीचं रिओहून पॅरिसला येणारं बोइंग 707 ओर्ली विमानतळापासून काही किलोमीटरवर शेतात उतरवावं लागलं. आग शौचालयात सुरू झाली होती आणि कचरापेटीत टाकलेली सिगारेट हेच बहुधा कारण होतं. 123 माणसं गेली, बहुतेक सगळी धुरानं. त्यानंतर कचरापेट्या, विझवण्याची सोय, शौचालयातली सूचना, सगळं बदललं. आजही धूम्रपान पूर्ण बंद असलेल्या विमानात शौचालयाच्या दाराशी छोटीशी राखदाणी दिसते. नियम मोडून कुणी पेटवलीच तर ती कागदांच्या पेटीत पडू नये, म्हणून. नियम मोडणारा माणूसही असणारच, हे गृहीत धरून बांधलेलं हे विमान आहे.

आता कायदा. दुबईत 2019 पासून ई-सिगारेटची विक्री अधिकृतपणे चालते. म्हणजे तिथून निघताना खिशातली वस्तू कायदेशीर आहे. चार तासांनी शमशाबादला उतरताना तीच वस्तू गुन्हा होते. भारताने 18 सप्टेंबर 2019 ला अध्यादेश काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, जाहिरात, सगळं बंद. व्याख्याही जाणीवपूर्वक रुंद ठेवली आहे: निकोटीन असो वा नसो, तंबाखू जाळल्याविना तापवणारी यंत्रं असोत, ई-हुक्का असो, सगळं त्यात येतं. त्यामुळे ‘यात निकोटीन नाही, नुसती आंब्याची चव आहे’ हे सांगून सुटका होत नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी वेगळी शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सीमाशुल्काच्या दृष्टीनं बाहेरून भारतात आणलेली वस्तू म्हणजे आयात, मग ती जहाजातून आलेली पेटी असो की पँटच्या खिशातला एकच नग. भारतातल्या विमान कंपन्याही केबिन आणि चेक-इन, दोन्ही सामानांत ई-सिगारेट नेऊ देत नाहीत. आयकाओचा तो जवळ ठेवण्याचा नियम भारतात उतरल्यावर संपतो.

मला हा कायदा योग्य वाटतो. फळांच्या चवीत निकोटीन भरलेली वस्तू आखातातून परतलेल्या थोरल्या भावाच्या बॅगेतून धाकट्याच्या हाती जाणं, हे आपल्या गावात मला नको आहे. पण तो कायदा गल्फला जाणाऱ्या माणसाला जाताना कुणी तरी नीट समजावून सांगायला हवा. वर्षभर घाम गाळून घरी येणाऱ्याला विमानतळावर त्याच्या कलमांची ओळख होऊ नये. प्रवासात सिंगापूर किंवा बँकॉक असेल तर तिथंही जपावं लागतं: सिंगापूरमध्ये 2018 पासून नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे, थायलंडमध्ये 2014 पासून आयात बंद आहे.

व्हेप न ओढणाऱ्यालाही यातली बॅटरीची बाजू लागू पडते, कारण मोबाइल आणि पॉवर बँक जवळपास सगळ्यांकडेच असतात. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, जवळच ठेवायची, आणि तीही सर्वसाधारणपणे 100 वॉट-तासांपर्यंतची. वरचाच गुणाकार करा: 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 74 वॉट-तास, चालते. 30,000 ची 111 होते, ती नेण्याआधी विमान कंपनीला विचारावं लागतं. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं, सुदैवाने सगळे बाहेर पडले. तपासात पॉवर बँकेवर संशय आला, आणि कोरियात ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी झाली. कारण तेच: तिथं धूर दिसायला उशीर होतो.

आणि मोबाइल हातातून निसटून आसनाच्या फटीत गेला तर आसन मागेपुढे करू नका, हात घालून ओढूही नका. आसनाची लोखंडी यंत्रणा त्याला चिरडते, आतला तो केसाहून पातळ पडदा फाटतो आणि आग सुरू होते. असे प्रसंग खरोखर घडले आहेत. जागेवरून उठा, केबिन क्रूला बोलवा. आसन सोडवून फोन काढणं त्यांना शिकवलेलं असतं.